मावशीच्या व्हॉल्व्हवरची फुली

माझी मावशी व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या कारखान्यात घासायचं काम करते, आणि तिचं काम तपासतात तिचे यजमान, म्हणजे आमचे काका. घरात मावशीपुढे काकांचं काही चालत नाही. कारखान्यात मात्र तिचा प्रत्येक व्हॉल्व्ह पास की नापास हे तेच ठरवतात. ही व्यवस्था ज्याने केली त्याला संसाराचा अनुभव नसावा.

गेट व्हॉल्व्ह दिसायला आडदांड, आतून सोपा. चाक फिरवलं की पाचरीसारखं एक गेट खाली उतरतं आणि पाइपाच्या वाटेतल्या दोन सीटांमध्ये, म्हणजे धातूच्या गोल बैठकींमध्ये, जाऊन बसतं. उलटं फिरवलं की वर जातं, वाट मोकळी. चाक आवळलं की पाणी थांबतं असं लोकांना वाटतं, आणि या समजुतीचा मावशीला भारी राग. तिच्या मते पाणी थांबतं ते गेट आणि सीट सगळीकडून एकमेकांना टेकतात म्हणून. मध्ये केसाएवढी फट राहिली, तर पहिलवान आणून चाक आवळा, थेंब येणारच. म्हणून ती गेटला पुसटसा निळा रंग लावते, ते सीटवर टेकवते आणि उचलून बघते. निळं कडं अखंड उमटलं तर ठीक, कुठे तुटलं तर पुन्हा घासायचं.

गेल्या वर्षी तिला ते कडं धूसर दिसू लागलं. मोतीबिंदू. ऑपरेशनच्या नावानेच तिचे हातपाय गार पडत, त्यामुळे गोष्ट काकांपलीकडे गेली नाही. बोटांच्या अंदाजाने ती घासत राहिली आणि व्हॉल्व्ह पास होत राहिले. तिथेच तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. हे खरंच पास होतायत, की नवरा सांभाळून घेतोय? विचारायचीही सोय नव्हती. ते नाही म्हणाले तरी खरं कशावरून?

एके दिवशी काकांनी तिचा व्हॉल्व्ह बंद करून एका बाजूने पाण्याचा दाब दिला. दुसऱ्या बाजूने थेंब ओघळला. त्यांनी तो उघडला, कचरा अडकला असेल म्हणून आतून धुतला, परत बंद केला. थेंब आलाच. सगळ्यांदेखत त्यांनी त्यावर खडूने फुली मारली.

संध्याकाळी दोघं घरी आली ती फुलीची बातमी घेऊनच. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. आता काकांची खैर नाही असं वाटलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे आधीचे सगळे खरंच बसत होते?"

"मग? मला तुझी दया आली म्हणून पाणी थांबणार आहे का?" काका म्हणाले.

मावशी खुर्चीत बसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग ती म्हणाली, "दवाखान्यात तारीख घ्या. आणि तो व्हॉल्व्ह दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका."

तो तिच्या कामाच्या टेबलाखाली फुलीसकट पडून राहिला. डोळा बरा झाल्यावर ती कामावर गेली, आधी तोच घासला आणि काकांपुढे ठेवला. काकांनी चाक फिरवलं, दाब दिला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बघत राहिले.

"बसला," एवढंच ते म्हणाले आणि फुली पुसायला फडकं शोधू लागले. तोवर मावशीने ती तळहाताने पुसूनही टाकली होती.