खिशातला कांदा

"वास येतोय न्हवं? मग भ्याचं काम न्हाय." कारखान्यात पाळीवर कुणीही नाक दाबलं, की मामा एवढंच म्हणायचे.

तुम्ही उचगावच्या बाजूनं गेला असाल, तर तो वास तुमच्याही नशिबी आला असेल. सडक्या अंड्यांत कुजका कोबी कालवावा, तसला. वखारीतला भुसा आणि झाडांच्या साली बंद भट्टीत तापवून आम्ही इंधन करायचो. लाकडात गंधक असतो चिमूटभर, पण वायू होऊन बाहेर पडला की घास घशाखाली उतरू द्यायचा नाही. माझा शर्ट बायको दोन बोटांनी उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. मला माझीच किळस यायची.

मी प्रयोगशाळेत होतो, मामा गॅस पाण्यानं धुण्याच्या टाकीवर. त्यांच्या खिशात कायम एक कांदा. टाकीच्या खोलीत शिरण्याआधी तो बुक्कीनं फोडायचे, दोनदा हुंगायचे, मगच आत जायचे. "मामा, तुमची रोजच कांदेनवमी," असं आम्ही चिडवायचो. दुपारी त्याच कांद्याशी, त्याच घाणीत बसून भाकरी खायचे. मला बघवायचं नाही.

एका दुपारी मी टाकीपाशी पाण्याचा नमुना घेत होतो आणि घाण वास एकदम गेला. गॅस मोजायचा मीटर दुरुस्तीला दिलेला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी चक्क छाती भरून श्वास घेतला. मामांनी कांदा फोडला, हुंगला, मग माझ्या नाकाला लावला. मला कांद्याचाही वास आला नाही.

"वास गेला न्हाय सायब, गॅस लई झालाय, नाक मेलंय. भाईर पळा."

मी पळालो. मामा मात्र व्हॉल्व्ह बंद करूनच आले आणि दारात कोसळले. माझं नाक संध्याकाळपर्यंत ठिकाणावर आलं. मामा वाचले, पण त्यांचं नाक कायमचं गेलं. नाक नसलेला माणूस टाकीवर काय कामाचा, म्हणून मालकांनी त्यांना घरी बसवलं.

महिन्याभरानं पाळी सुटल्यावर तसाच त्यांच्या घरी गेलो. मांडीवर नवी नात होती, टाळूवर तेल भरलेलं. मामांनी तिला माझ्यापुढं धरलं.

"लई हुंगून बघितलं. तुमी सांगा की, कसा वास येतोय हिचा?"

मी वाकलो. पोरीनं नाक मुरडून मान फिरवली. मी दोन हात मागं सरकलो आणि लांबूनच म्हणालो, "दुधाचा, मामा."

खरं तर माझ्या शर्टाशिवाय मला कसलाच वास येत नव्हता.