शिंगाड्याच्या वेलातून वाऱ्याची वाट

सकाळी तलावावर पोचलो तेव्हा कटला, रोहू, मृगळ, सगळे मासे पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते. हात घातला की मासा हाती येई. दोन दिवसांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा लोकांना वाटलं, देवी पावली. त्यांनी टोपल्या भरून बाजार केला. मग पांढरी पोटं वर करून मासे तरंगायला लागले, तेव्हा जळगावच्या ऑफिसात माणूस धावत आला आणि साहेबांनी मला पिटाळलं.

मी तेव्हा पूर्व खानदेशात फिशरी इन्स्पेक्टर होतो. केमिस्ट्रीचा बी.एस्सी. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे मासे मोजतोस का?" मी हो म्हणायचो. समजावण्यात वेळ कोण घालवणार?

तलाव पारोळ्याकडचा. भोई लोकांच्या सोसायटीनं तो मासेमारीसाठी घेतला होता. चेअरमन नाना, भला माणूस, पण आवाज मोठा. तिथली एक रीत होती. पाण्यातला मासा पुरुषांचा, पाण्यावरचा शिंगाडा बायकांचा. शिंगाड्याच्या पैशाला नवरा हात लावत नसे. बायका मडक्यांच्या तराफ्यावर बसून आपापल्या वाट्याच्या वेलात फिरायच्या. भाद्रपद सरत आला होता. नवरात्रात उपासाला शिंगाडा सोन्याच्या भावानं जातो, म्हणून त्या वर्षी त्यांनी वेल जरा जास्तच पसरू दिला होता. अर्ध्याहून जास्त तलाव हिरवागार.

"कोनी तरी इख टाकं," नाना म्हणाले.

"विष टाकलं असतं तर बेडूकही मेले असते नाना. ते बघा, मजेत ओरडताहेत. माशांना हवा पुरत नाही."

"पानीमा कसानी हवा?"

मी म्हटलं, सोड्याच्या बाटलीत गॅस दिसतो का? गोटी दाबली की कळतं, आत होता. तलावातही तसंच, फक्त फार थोडा. मासा कल्ल्यांनी तोच ऑक्सिजन ओढतो. तो पाण्यात येतो वाऱ्यानं पाणी हललं की, नाहीतर पाण्याखालच्या शेवाळावर ऊन पडलं की. शिंगाड्याची पानं वर तरंगतात. ती स्वतः तयार केलेला ऑक्सिजन वरच्या वर हवेत सोडतात आणि खाली सावली धरतात. त्यात आभाळ भरलेलं, वारा पडलेला. रात्रभर मासे, मुळं, चिखल सगळे खाणारे, आणणारा कोणी नाही. म्हणून पहाटे माशांचा जीव जायचा.

हे तपासायला काचेच्या बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात दोन औषधं टाकायची. ऑक्सिजन असेल तर गाळ तपकिरी बसतो, नसेल तर पांढरा. वेलाखालच्या पाण्याचा गाळ चुन्यासारखा पांढरा बसला.

झालं! नानांना कारण मिळालं. "उपटा रे बठ्ठा वेल!"

काठावर बायका जमल्याच होत्या. त्यातून भागाबाई पुढे आल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. नवरा वारलेला, घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, वर्षाचं धान्य शिंगाड्यावर भरायचं. पदर खोचून त्या सरळ गुडघाभर पाण्यात उतरल्या.

"मासा तुम्हना मरतस, अन् वेल आम्हना उपटतस. हाई कोठला न्याव?"

उघड्या पाण्याची बाटली घ्यायची बाकी होती, ती घेतली. गाळ फिकट पिवळा. म्हणजे तिथंही ऑक्सिजनची ओढाताण.

"नाना, माशांचं बीज किती सोडलंत?"

नाना घसा खाकरून म्हणाले, "जरा जास्ती टाकं. जितलं बीज तितला मासा."

इथंच गणित चुकतं. तलावात खाणं तेवढंच आणि हवाही तेवढीच. बीज म्हणजे माशांची बारीक पिल्लं; ती दुप्पट टाकली की मासे दुप्पट होतात, वजन होत नाही. सगळे काडीसारखे राहतात, आणि एका ढगाळ पहाटे सगळेच जातात. अर्धे आत्ताच काढून विका, म्हटलं. नाना नाराज झाले, मासा अजून बारीक होता. पण मेलेला मासा तर कोणीच घेत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळत होतं.

वेल सगळा काढायची गरज नव्हती. वारा शिरायला पश्चिमेकडून पूर्वेला रुंद पट्टा मोकळा केला की पुरे. काठी रोवून मी दिशा धरली. पट्टा नेमका अक्कांच्या वेलातून जात होता. निम्मा वेल जाणार.

अक्का काठीकडे बघत राहिल्या. "वारा मन्हाच वेलमातून जास का?"

वारा कुठून येतो हे केमिस्ट्रीवाला सांगू शकतो, कोणाच्या ताटातून न्यावा हे नाही.

पारोळ्याच्या पोस्टातून साहेबांना ट्रंक कॉल लावला.

"पट्टा काढायला लावा आणि या परत."

"सर, त्या बाईचं नुकसान—"

"तो आपल्या खात्याचा प्रश्न नाही."

"सर, बाई पाण्यातून हलत नाहीये."

"मग काय करायचं ते करा. रिपोर्टात मात्र लिहू नका."

परत आलो आणि नानांना काठावर बसवलं. "वेल जातो एकीचा, मासा वाचतो सगळ्यांचा. मग माशात तिचा हिस्सा का नको?"

"बाईले मासामा हिस्सा? आजपर्यंत कोन्ही दिधा नही."

"तर मग पट्टा राहू द्या, आभाळ उघडायची वाट बघा."

नाना उठले, तलावाकडे बघून आले, पुन्हा बसले. अक्का अजून पाण्यात उभ्या होत्या. शेवटी नाना पडेल आवाजात म्हणाले, "दिधा हिस्सा."

"हिस्सा आज देतस, पुढला साल इसरशात," अक्का म्हणाल्या. "मले सोसायटीनी मेंबर करा."

पुरुष हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी सोसायटीच्या कागदावर अक्कांचा अंगठा घेतला. तेव्हा कुठे अक्कांनी विळा मागितला आणि स्वतःचा वेल स्वतः कापायला सुरुवात केली. कापताना त्या रडत होत्या. थोड्या वेळानं बाकीच्या बायका आपापले विळे घेऊन पाण्यात उतरल्या आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या वेलातूनही पट्टा काढायला लागल्या, म्हणजे अक्कांच्या वेलातला पट्टा अरुंद ठेवता येईल आणि तेवढा वेल वाचेल. ते गणित मी मांडलंच नव्हतं.

मासे जगले. होळीपर्यंत चांगले भरले. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा बीज सोडायची मीटिंग चालू होती. नाना म्हणाले, थोडं वाढवू. अक्का म्हणाल्या, नही. बीज वाढलं नाही.

पाण्यात हवा किती, हे बाटली सांगते. ती कमी पडली तर झळ कोणी सोसायची, हे काठावर बसून ठरवावं लागतं, आणि ज्यानं सोसायची तो त्या बैठकीत हवा.