शोकाच्या वर्षातली चांदणी

डिसेंबरच्या संध्याकाळी रोह्याबाहेरच्या शेतांतून पोपटीचा वास येतो. पाल्यात गुंडाळून मडक्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगांचा, किंचित कडवट, किंचित धुरकट. तो आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला की थंडी खरी सुरू झाली असे माझी पत्नी शालिनी म्हणायची आणि नाताळची कागदी चांदणी माळ्यावरून काढायला मला सांगायची. पावसाळा सरता सरता ती गेली. यंदा वास आला तेव्हा मी माळ्याकडे पाहिले नाही. घरातले माणूस गेले की वर्षभर चांदणी लावायची नाही, ही आमच्या घराण्याची रीत. कुठल्या ग्रंथात ती नाही, पण गॅलरीतला तो अंधार मी शालिनीसाठीच राखून ठेवला होता.

त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे आले. भला माणूस, शालिनीच्या कबरीवर माती टाकायला ते पुढे होते. चहा संपेपर्यंत थंडीचे बोलले, मग म्हणाले, "सर, यंदा ती चांदणी नका लावू. पोरं बोलतात."

"कोण पोरं?"

"आपलीच. मोबाईलवर येतं ना काय काय, धर्मांतराचं नि कसलं. तुमचं तसं नाय, मला ठाव हाय. पण उगाच कटकट कशाला? तसाही तुमच्याकडं दुखवटा हाय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं पुढं बघू."

ते गेल्यावर याला 'छळ' म्हणावे का, या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. कुणी दगड मारला नव्हता, प्रार्थना उधळली नव्हती. इतरत्र ते घडते, वाचतो. इथे एका सज्जनाने चहा पिऊन विनंती केली, एवढेच. पण त्या विनंतीला माझा शोक सोयीचा वाटला होता. रिकामी गॅलरी पाहून कुणी म्हणणार होते, सर समजूतदार आहेत. आणि त्या समजूतदारपणाची सवय लागली की उद्या प्रार्थना खिडक्या लावून, परवा दारावरचा क्रूस आतल्या भिंतीवर.

रविवारी पेणहून शालिनीची धाकटी बहीण सुशीला आली. मी माळ्यावरून काढलेली चांदणी टेबलावर पाहून तिचा चेहरा उतरला.

"भावजी, वर्ष नाय झालं ताईला. लोक काय बोलतील?"

"लोकांनीच सांगितलंय, लावू नका म्हणून."

"कुणी?"

"म्हात्र्यांनी."

"ते? ताईच्या हातच्या करंज्या डबा भरभरून न्यायचे ते?" पदर खोचून ती म्हणाली, "वायर कुठाय? ताई असती तर दोन लावल्या असत्या."

काळोख पडताना चांदणी पेटली. तांबूस उजेड समोरच्या भिंतीवर पसरला. खाली म्हात्रे स्कूटरची किल्ली बोटांत फिरवत उभे होते. त्यांनी वर पाहिले. फाटकापाशी पोरांच्या घोळक्यातून कुणीतरी लांब शीळ घातली. शालिनीसाठी राखलेला अंधार मी माझ्या हाताने मोडला, याचे दुःख मोठे की तो मोडायला लावला याचा राग मोठा, मला अजून ठरवता येत नाही. सुशीला म्हणाली, आत चला, गार वारा आहे. मी खुर्ची बाहेर ओढली आणि चांदणीच्या खालीच बसलो, रस्त्यावरून तोंड दिसेल असा.