पाणी राहिलं

चित्रकला शिक्षकाच्या परीक्षेला मी तिसऱ्यांदा बसले होते, आणि तिसरी म्हणजे शेवटची. पहूरच्या शाळेत जागा होती. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा निकाल आणा, नाहीतर आम्ही दुसरं कोणी बघतो." माझे वडील, आबा, जळगावला रेल्वेच्या मालधक्क्यावर सिमेंटची पोती उचलायचे. कंबर पार गेलेली. मला नोकरी लागली तरच ते सुटणार होते.

स्मरणचित्राला विषय आला: नदीकाठचा मालधक्का. आता बोला! आमची गिरणा आठ महिने नुसती वाळू, तिथं कसली बोट आणि कसला धक्का? पण रद्दीतल्या एका मासिकातलं चिनी चित्र मला तोंडपाठ होतं. काळ्या शाईतलं, अलीकडच्या कुणीतरी काढलेलं. माल उचलायची यारी, मालाच्या होड्या, फळीवरून वाकून चालणारे हमाल, अगदी आबांसारखे. आणि पाणी? काढलेलंच नाही! कागद कोरा सोडलाय, तरी नदी दिसते. त्या चित्रापायी मी वेडी झाले होते. शाईसुद्धा घरीच केली, चिमणीची काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून.

दोन तासांत त्याच शाईत धक्का उभा राहिला, पाण्याच्या जागी कोरा कागद. असं चित्र माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. तेवढ्यात पर्यवेक्षक बाई मागे थांबल्या.

"अगं, पाणी राहिलं की! अर्धवट धरतील हं."

बिचाऱ्या भल्यासाठीच बोलल्या. बाई, हेच पाणी आहे, एवढं सांगायचं होतं. पण दोनदा नापास झालेल्या माणसाला स्वतःची अक्कल उरत नाही. घेतला निळा रंग, फिरवला ओला ब्रश. डिंकाची शाई ती, ओल लागताच सुटली. होड्या गेल्या, हमाल गेले, सगळा राखाडी चिखल झाला. घंटा झाली. मूर्ख, शंभरदा मूर्ख मी!

घरी आबा ओट्यावर वाट बघत बसले होते.

"कसा गया वं पेपर?"

"चांगला गया, आबा."

कसं बोलले, देव जाणे. आबांचा चेहरा फुलला.

"मंग मुकादमले सांगी येस. सोमवारपासून मी येत नही."

"निकाल तर लागू द्या!"

"चांगला गया म्हनस ना तू? मंग?"

भिंतीला धरून ते उठले, धुतलेला सदरा घातला आणि पायरी उतरले. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "सावकाश जा, आबा."