उंबरठ्याला नमस्कार करणारं पिशाच्च

ताईचा फोन सकाळी चहाच्या वेळी आला. "सुलू, हे गेले गं... झोपेतच," एवढंच म्हणाली. मी गाझियाबादहून टॅक्सी करून फरीदाबादला निघाले आणि यमुनेच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर मनसोक्त रडले. रडता रडता लक्षात आलं की आपल्याला कुठेतरी हायसंही वाटतंय. ऐकायला विचित्र वाटेल, पण भाऊजी काही वर्षांपूर्वी गेले असते तर मनात एक सल घेऊन गेले असते. तो सल निघाला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. कुठे, म्हणाल तर गुडगावच्या एका मॉलमध्ये भरलेल्या भुतांच्या संमेलनात! साहित्य संमेलनं आपण पाहतो, नाट्य संमेलनं पाहतो... भुतांचंही असतं, हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मधुकर. पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे आणि गणपती आले की आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मुख्य काम करायचे. ताडमाड उंच, खप्पड गाल, टपोरे डोळे आणि दात जरा पुढे. लग्नात मी ताईच्या कानात म्हटलं होतं, "हा माणूस हसला की आधी दात येतात, मग हसू." ते त्यांनी ऐकलं, आणि जन्मभर मला हसण्याआधी तोंडावर हात ठेवून दाखवत राहिले. रंगमंचावर मात्र या माणसाची थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. विंगेत उभे राहिले की कुणाशी बोलायचे नाहीत. पहिलं पाऊल टाकण्याआधी वाकून फळ्यांना उजवा हात लावायचे, तो कपाळाला लावायचे आणि मगच उजेडात जायचे. रंगभूमीवरच्या माणसांची ही रीतच असते, पण भाऊजींचं शरीर ते आपोआप करायचं, जेवताना हात तोंडाकडे जातो तसं.

बाजार नुकता खुला झाला होता, घरोघरी केबल येत होती आणि दिल्लीतला जो तो काहीतरी नवा धंदा काढत होता. त्यात एका व्हिडिओ कॅसेटवाल्याने सिनेमा काढायचं ठरवलं. रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा! त्याने भाऊजींना मंडळाच्या नाटकात पाहिलं आणि मेकअपशिवायच पसंत केलं. सिनेमाचं नाव इथे सांगत नाही, ताई रागावेल. शूटिंग रविवारी व्हायचं, फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमधल्या अर्धवट बांधलेल्या कोठीत, म्हणजे बंगल्यात. भरदुपारी खिडक्यांना रजया लावून रात्र करायची, गोवऱ्यांवर धूप टाकून धुकं करायचं. झगा ताईने जुन्या छत्र्यांचं कापड जोडून शिवला होता. पिशाच्च नायिकेच्या घरात पहिल्यांदा शिरतं, तो प्रसंग आला. भाऊजी दाराबाहेर तयार होते. दिग्दर्शक ओरडला, "मधुकरजी, एंट्री!" आणि एंट्री हा शब्द कानावर पडताच भाऊजी वाकले, उंबरठ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि आत आले. धुराच्या गडबडीत कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. सिनेमाचे तुकडे जोडायला बसल्यावर कळलं, पण तोवर कोठीच्या मालकाचा गृहप्रवेश होऊन गेला होता. पूजा झालेल्या घरात पिशाच्चाला परत कोण घेणार?

सिनेमा फरीदाबादला लागला तेव्हा आम्ही मंडळाची माणसं मेटॅडोर करून गेलो. आमचा मधू पडद्यावर, म्हणून सगळे नटूनथटून आलेले. तो प्रसंग आला आणि काळोखात मंडळाचे कार्यवाह देवधर मोठ्याने म्हणाले, "अहो पिशाच्च, चपला बाहेर काढा!" थिएटर हसून कोसळलं. मीही हसले, ताईही हसली. भाऊजीसुद्धा हसले, तोंडावर हात ठेवून... पण त्यानंतर ते रंगमंचावर चढले नाहीत. मंडळात त्यांचं 'संस्कारी पिशाच्च' झालं होतं. गणपतीत विचारायला गेलं की म्हणायचे, "यार, ऑफिसात फार काम आहे यंदा." नाटक सुरू असताना हा माणूस बाहेर प्रसादाच्या टेबलाशी उभा असायचा आणि आतले टाळ्यांचे आवाज ऐकू आले की द्रोण मोजायला घ्यायचा. मला ते बघवायचं नाही. अशी कित्येक वर्षं गेली.

मग गुडगावला मॉल उभे राहिले, भाची मुग्धा तिकडे नोकरीला लागली, आणि एक दिवस तिचा मला फोन आला. "मावशी, भुताच्या सिनेमांचे फॅन लोक एक कार्यक्रम करताहेत. त्यात बाबांची पिक्चर दाखवणार आहेत!" मी भाऊजींना सांगितलं. ते पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "आता काय पोरांकडूनही हसवून घेऊ?" मी म्हटलं, "मी येते ना बरोबर. मागे बसू, कुणाला सांगायचं नाही, तो सीन आला की उठून जाऊ." एवढ्या अटींवर ते तयार झाले.

हॉल लग्नाचा होता, खुर्च्यांना पाठीमागे सॅटीनचे बो. त्यांवर काळे कपडे घातलेली, ओठांच्या कडेला लाल रंग ओघळवलेली तरुण मुलं बसली होती. बरीचशी कॉल सेंटरमध्ये काम करणारी. एकाच्या गळ्यात लसणाची माळ होती, ती मला आपल्या फोडणीसाठी घरी न्यावीशी वाटली. सिनेमा सुरू झाला. वटवाघळाची दोरी दिसत होती, भाऊजींच्या तोंडी कुणा पंजाबी माणसाचा आवाज होता, आणि पोरं प्रत्येक गोष्टीला शिट्ट्या मारत होती. भाऊजींनी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. कोठीचं दार दिसताच ते उठले. "चल, सुलू." पण रांगेतल्या पोरांचे पाय आडवे, ते निघेपर्यंत पडद्यावरचं पिशाच्च वाकलं होतं. भाऊजी मधल्या वाटेत तसेच उभे राहिले, मान खाली घालून. मी हसण्याची वाट बघत होते.

कुणीही हसलं नाही. मग एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "ओ तेरी..." आणि टाळ्या सुरू झाल्या. आयोजक मुलाने सिनेमा थांबवला, मागे नेला, परत दाखवला. "देखो यार! व्हॅम्पायर बिना बुलाए घर में नहीं आ सकता, ये रूल है. तो ये बंदा घर के ही पैर छू रहा है! मुझे तो डर लग गया, कसम से." तेवढ्यात त्या मुलीने वळून पाहिलं. वाटेत एक ताडमाड म्हातारा उभा होता, तेच डोळे, तेच दात. "सर... आप ही हैं?"

मला वाटलं, आता भाऊजी नाही म्हणणार. ते म्हणाले, "हाँ जी. पर वो सीन गलती से हुआ था. कोई सोच-विचार नहीं था. मैं नाटक का आदमी हूँ, स्टेज पर जाने से पहले हाथ लग जाता है. बस."

किती वर्षांनी त्यांनी स्वतःला नाटकाचा माणूस म्हटलं होतं! आता पोरं हसली, खळखळून हसली, आणि हसतच उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. "सर, स्टेज पे आइए!" भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जा ना, एंट्री आहे तुमची." ते गेले, वाकले, लग्नाच्या त्या कार्पेट घातलेल्या स्टेजला हात लावला, कपाळाला लावला आणि वर चढले. हसताना त्यांनी तोंडावर हात ठेवला नव्हता.

परतीच्या टॅक्सीत म्हणाले, "सुलू, हसली गं ती पोरं पण."

"हसली की."

"हो, पण... बरं हसली." आणि सीटला डोकं टेकून बदरपूरपर्यंत गाढ झोपले. त्या वर्षी गणपतीत त्यांनी म्हाताऱ्या हेडमास्तरांचं काम केलं आणि पुढे जमलं तेवढी वर्षं करत राहिले. तालमीला जायचं म्हणून गुडघ्यांना तेल चोळून घ्यायचे. म्हणून म्हणते, ते मोकळ्या मनाने गेले.

मागच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात त्यांची शोकसभा झाली. पहिलं बोलायला देवधर उठले. आता तेही थकलेत, काठी घेऊन चालतात. स्टेजच्या पायऱ्यांपाशी ते थांबले. वर यायला मदत हवी असेल असं वाटून कुणीतरी पुढे झालं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. काठी भिंतीला टेकवली. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. मग कष्टाने वाकून स्टेजच्या फळीला उजवा हात लावला आणि बराच वेळ तो कपाळाला धरून ठेवला. ताईने माझा हात घट्ट दाबला. "बघ गं," ती म्हणाली, "शेवटी देवधरांनीच काढल्या चपला."