गुरुवारचे खाडे

बुशरा शेख शिरूरहून कंपनीच्या बसने रांजणगावला यायची. मी स्टोअरला होतो, आमची टेबलं शेजारी. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

दोन हजार दोन सालची गोष्ट. कामगारांची हजेरी मुंबईच्या हेड ऑफिसातल्या मेनफ्रेमवर असायची. मेनफ्रेम म्हणजे खोलीएवढा जुनाट कंप्यूटर. आम्ही तो कधी पाहिला नव्हता, आमच्याकडे त्याचा नुसता हिरव्या अक्षरांचा पडदा. बुशरा त्यावरची हजेरी वाचायची आणि शेजारच्या नव्या कंप्यूटरवर एक्सेलमध्ये पुन्हा टाइप करायची. तीच शीट महिनाअखेरीस मुंबईला जायची. मान आखडून जायची. दोन्ही यंत्रं एकमेकांना जोडा, असा तिनेच साहेबांच्या मागे लकडा लावला होता.

अखेर मुंबईहून इंजिनिअर आला. त्याने प्रोग्राम टाकला, बटण दाबलं आणि मेनफ्रेममधली हजेरी आपसूक एक्सेलात येऊन बसली. बुशराने पेढे वाटले. पण त्या शीटमध्ये त्याने हेड ऑफिसचा नियमही बसवून टाकला: रविवारी सुट्टी, बाकी कुठल्याही दिवशी हजेरी नसेल तर खाडा. आमच्या कारखान्याला गुरुवारी वीज नसायची, त्यामुळे सुट्टी गुरुवारी आणि रविवारी काम. हे गेटसमोरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. बुशराने इंजिनिअरला तिथल्या तिथे सांगितलं. सगळीकडे एकच नियम, म्हणत त्याने शीटला पासवर्ड घातला आणि गाडीत बसून गेला.

पॅकिंगमध्ये भिमाजी नावाचा कंत्राटी कामगार होता. घरची मेंढरं आजाच्या काळातच विकलेली, थोडी कोरडवाहू शेती. कंपनीत परमनंट होणारा घरातला तो पहिलाच ठरणार होता. अंगात ताप असला तरी पाळी चुकवायचा नाही. त्या महिन्यात परमनंट करायला त्याचंच नाव गेलं होतं. महिनाअखेरीस मुंबईहून निरोप आला: खाडे फार आहेत, परमनंट करू नका, कामावरून कमी करा.

बुशरा तडक पर्सनल ऑफिसरकडे गेली. हे साहेब स्वतः दर गुरुवारी घरी झोपा काढायचे, त्यांना काय कळत नव्हतं? पण वरून आलंय म्हणाले आणि हात झटकले. तिने मुंबईला फोन लावला, तर शीट तुमच्याच कारखान्यातून आली असं उत्तर. मग तिने हिरव्या पडद्यावरून सगळी हजेरी पूर्वीसारखी हाताने टाइप करून पाठवली. तीही परत आली. हाताने भरलेलं चालणार नाही म्हणे, मेनफ्रेमवरून आलेलंच खरं. अरे, मग ही हजेरी कुठली होती? आभाळातून पडली होती?

भिमाजी गेटपास जमा करायला आला तेव्हा बुशराला मान वर करवेना.

"ताई, तुमी लई केलं," तो म्हणाला. "पर म्या खाडा केला न्हाई, येवढं तुमाला तरी ठाव हाय."

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या लोकांची हजेरीही त्याच शीटमध्ये आली. आणि पर्सनल ऑफिसरच्या हातात मुंबईचा मेमो पडला: आपण दर गुरुवारी गैरहजर असता, खुलासा करा. साहेब लालबुंद झाले. आमच्यासमोर मुंबईला फोन लावून असे काही कडाडले की इंजिनिअरने फोनवरच पासवर्ड सांगितला. बुशराने गुरुवारची सुट्टी घातली. साहेबांसाठी आणलेला चहा अजून गरम होता. भिमाजीसाठी महिनाभर जे झालं नाही, ते एवढ्यात झालं.

वर साहेब तिला शिकवायला लागले, की वरच्यांशी असं ठणकावून बोलावं लागतं.

"साहेब, गुरुवार तर भिमाजीचाबी हुता," बुशरा म्हणाली.

त्याची जागा भरली, एवढं बोलून साहेब केबिनमध्ये गेले.

बुशराने मागच्या महिन्याची शीट पुन्हा उघडली आणि तिच्यातही गुरुवारची सुट्टी घातली. भिमाजीच्या नावापुढे आता एकही खाडा नव्हता. तिने प्रिंट काढली आणि साहेबांच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी लावली. चिकटपट्टी मी दिली.