आमच्या बाईले सांगू नका

आधीच सांगते, सातवी-आठवीला विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. भूत, चकवा, असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी जागच्या जागी त्याची हजेरी घेते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण पोटात ठेवून वर्ष झालं... आता नाही राहवत.

पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला लागून एक बोडी आहे, म्हणजे शेतातलं लहान तळं. एका अंगाला उन्हाळी धान, दुसऱ्या अंगाला पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मोहाचं मोठं झाड. गावाचं नाव सांगणार नाही. का, ते कळेलच.

अकरा वर्षं मी आणि सुधाकरभाऊ तिथं पक्षी पाहायला जातो. जात होतो. सुधाकरभाऊ घुग्घुसचे, खाणीत फिटर. नाईट करून आंघोळही न करता मोटरसायकलवर हजर. मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत त्यांनी पक्षी ओळखलेला असायचा. दर वर्षी तिथल्या पक्ष्यांची यादी मी करायची, ती माझ्या नावानं छापून यायची. पाळीवर बोलायचं नाही, म्हणून आमची एक शीळ ठरलेली – दोन आखूड, एक लांब. म्हणजे, इकडं या, काहीतरी आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याच शिळेनं त्यांनी मला बोलावलं आणि धानाच्या कडेला, गवतात, पाणलाव्याचं घरटं दाखवलं. चार अंडी. या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते, नर एकटा उबवत बसतो. फोटोवाल्यांना अशा घरट्याचा पत्ता लागला की संपलंच. फोटो साफ यावा म्हणून आडचं गवत कापतात, नर उठतो तो परत येत नाही. मी म्हटलं, "भाऊ, हे आपल्या दोघांतच." ते म्हणाले, "बाई, माह्या पोराची शपथ." मी म्हटलं, शपथ कशाला, तुमचा शब्द पुरे. वेडी मी!

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला – ताप आहे, येत नाही. मी एकटीच गेले. सकाळचे साडेसहा-सात वाजले असतील. बोडीत अडई बदकं, मोहाखाली एक म्हातारी फुलं वेचत होती, आणि वर फांदीवर भृंगराज. हा काळा पक्षी नकला करण्यात पटाईत. त्यानं टिटवीची केली, शिक्र्याची केली. मग कॅमेऱ्याची. खच्‌खच्‌खच्‌... मला आधी हसू आलं. मग वाटलं, इथं कॅमेरा आणला कुणी? आम्ही दोघं तर कधी नेत नाही.

मग त्यानं आमची शीळ घातली. दोन आखूड, एक लांब.

इथपर्यंत विज्ञान आहे बरं का. जे ऐकलं ते तो बोलणार. पण त्यानंतर, त्याच फांदीवरून, स्वच्छ सुधाकरभाऊंच्या आवाजात – "आमच्या बाईले सांगू नका."

अहो, भृंगराज माणसाचं बोलणं असं वाक्यच्या वाक्य उचलत नाही! मला भास झाला म्हणाल, तर म्हातारीनंही मान वर केली. "कोन मानूस बोलला वो बाई?"

मी घरट्याकडे धावले. गवत कापलेलं, चिखलात बुटांचे ठसे. चारही अंडी उघड्यावर. बोट लावलं... थंड. तिथंच बसून मी रडले.

मग फोन लावला. "भाऊ, 'आमच्या बाईले सांगू नका' हे कुणाला म्हणालात तुम्ही?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"काऊन केलं असं?" रागात माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"फोटोखाली माह्यं नाव टाकतो म्हने ते लोकं. अकरा वर्सं झाली बाई, तुमच्या यादीत आलं का कदी माह्यं नाव?"

खरं होतं. कधीच नव्हतं आलं. पण म्हणून ती चार अंडी? माझ्याशी भांडायचं होतं ना! मी ओरडलेच – ताप आल्याची थाप मारता, आणि त्या बोडीवर उभं राहून 'आमच्या बाई' म्हणताना जीभ तरी कशी रेटली?

"बोडीवर नाई बाई." आता त्यांचा आवाज घाबरलेला. "तिथी म्या तोंडच नाई उघडलं, त्याईले बोलवाले शीळ तेवढी घातली. ते मी त्याईच्या कारमंदी म्हनलो. घुग्घुसच्या चौकात, निंगतानी. काचा बंद होत्या, एसी चालू होता."

घुग्घुस तिथून साठ-सत्तर किलोमीटर. त्या पक्ष्यानं ते वाक्य कुठून उचललं, मला माहीत नाही. कुणी रेकॉर्डिंग लावलं असेल म्हणाल, तर त्या वेळी पाळीवर मी आणि ती म्हातारी, तिसरं कुणी नव्हतं. तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा. मी हरले.

सुधाकरभाऊंशी त्यानंतर बोलले नाही. या मार्चमध्ये एकटीच गेले. भृंगराज होता. टिटवी झाली, शिक्रा झाला, ते वाक्य काही आलं नाही. उठणार तेवढ्यात मोहावरून शीळ आली. दोन आखूड, एक लांब. पक्षीच होता, मला चांगला दिसत होता.

तरी मी उठून तिकडे गेले.